वाटेतली बेळकी

“ते सगळं खरं, बुवा. पण हे दुखणं जाणार कधी?”

हिंदुरावांनी हे उभ्यानंच विचारलं. बसलं की त्यांच्या कंबरेतून कळ निघायची आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. फार वेळ उभं राहिलं तरी तीच कळ आणि तीच वाट.

दाजीबुवा मठाच्या ओसरीवर कावडीची दोरी तपासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बुवा, मी विचारतोय काहीतरी.”

“ऐकतोय की.”

“मग?”

बुवांनी दोरीला आणखी एक गाठ मारली.

या डोंगरावरच्या शंभूच्या देवळाचा मी गुरव, बसाप्पा. देवाचं मी बघतो आणि शेजारच्या मठात राहणाऱ्या बुवांचंही मीच बघतो. दोघांत देव कमी त्रास देतो.

हिंदुरावांची ही पहिली खेप नव्हती. दर वेळी हाच प्रश्न आणि दर वेळी बुवांचं असंच दुसरीकडे लक्ष. मला आता दोघांचाही वैताग आला होता.

खाली तालुक्याच्या पेठेत हिंदुरावांचं भांड्यांचं दुकान आहे. एके काळी पाण्यानं भरलेला हंडा एका हातानं उचलून ते गिऱ्हाइकाला दाखवायचे, बघा कडी निसटते का म्हणून. मग एकदा पितळेची पेटी उचलताना कंबर गेली, ती गेलीच. शहरातले मोठे डॉक्टर झाले. त्यांनी फोटो काढले, गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि शेवटी सांगितलं की याच्यासोबतच राहायला शिका.

डॉक्टर थांबले तिथून लोकांनी सुरुवात केली. व्याह्यांनी निरगुडीचा पाला पाठवला. शेजारचा कापडवाला म्हणाला पालथं झोपा, त्याचा भाऊ म्हणाला पालथं तेवढं झोपू नका. एका गिऱ्हाइकानं चमचे घेता घेता शनी सांगितला. आणि ज्यांना काहीच सुचलं नाही ते म्हणाले, तब्येत तर झकास दिसते की तुमची. या शेवटच्या लोकांवर हिंदुरावांचा सगळ्यात जास्त राग होता. खरं सांगायचं तर तेवढ्यापुरता मी हिंदुरावांच्या बाजूचा होतो.

“आधीच सांगतो, बुवा,” हिंदुराव म्हणाले. “मन घट्ट कर म्हणू नका. देह नाशवंत आहे म्हणू नका. गेल्या जन्मीचं काही काढलंत तर मी असाच खाली उतरेन.”

“म्हणत न्हाई.”

“मग काय म्हणता?”

बुवा खांबाला धरून उठले.

“पाणी आणायचं हाय. येतोस?”

हिंदुरावांनी माझ्याकडे बघितलं. मी फुलांची परडी उचलली. पायथ्याचा बेल तोडायचा होता, नाहीतर मी काही या दोघांच्या मागं गेलो नसतो.

इथल्या पाण्याची एक रीत आहे. देवाच्या अभिषेकाला पाणी लागतं ते डोंगराच्या पायथ्याच्या बारवेचं. नळ वरपर्यंत आलाय, पण तो माणसांसाठी. देवाचं पाणी कावडीनं येतं, आणि भरलेली कावड वाटेत भुईला टेकली की ते पाणी देवाला चालत नाही. परत खाली जायचं आणि परत भरायचं. हा नियम ज्यानं केला त्यानं स्वतः कावड वाहिली नसावी.

त्याच्या मागून आलेल्या कुणीतरी मात्र वाहिली असणार. कारण त्यानं पायऱ्यांच्या कडेनं जागोजागी बेळकी रोवून ठेवली. बेळकं म्हणजे डोक्याला दोन फांद्या फुटलेला खांब. कावडीचा दांडा खांद्यावरून वर उचलायचा आणि त्या फांद्यांच्या मधे ठेवायचा. घागरी दोन्हीकडे अधांतरी राहतात, माणूस मोकळा होतो आणि नियमही मोडत नाही.

बुवा प्रत्येक बेळक्याला थांबतात. एकही सोडत नाहीत. वर माझा नैवेद्य गार होतो, देव उपाशी, मी उपाशी, आणि हे आपले खांबाशेजारी उभे राहून शिवाराकडे बघत असतात. या माणसाची वाट बघण्यात माझे केस पिकले.

त्यात घागरी जड. त्याही हिंदुरावांनीच दिलेल्या. आधीच्या घागरी लहान दिसतात, मठाला शोभत नाहीत, असं म्हणून त्यांनी दुकानातल्या सगळ्यात मोठ्या दोन तांब्याच्या घागरी वाहिल्या आणि दोन्हींवर स्वतःचं नाव घालून घेतलं. कावड वाहायची बुवांनी आणि नाव मिरवायचं यांचं.

बारवेच्या कट्ट्यावर सगुणाबाई बसल्या होत्या. हिंदुरावांच्या मंडळी. वर येऊ नको, इथंच बस, असं त्यांना सांगितलेलं होतं, म्हणून त्या तिथंच बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर कमरेचा पट्टा होता.

“पट्टा नाही बांधला?” मी हिंदुरावांना विचारलं.

“आज बरं वाटतंय.”

सगुणाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. बुवा घागरी बुडवत होते तेवढ्यात त्या हळूच मला म्हणाल्या की मला भीती वाटते ती या बऱ्या दिवसांचीच. बरं वाटलं की हे माळ्यावरची सगळी भांडी खाली काढतात, झाडतात, परत लावतात, नोकराला हात लावू देत नाहीत. पुढचे चार-पाच दिवस मग अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून. दुकान बंद, घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. उठले की परत तेच.

हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. नुसता दमलेपणा होता.

बुवांनी कावड खांद्यावर घेतली. आम्ही चढायला लागलो, आणि लागलो म्हणेपर्यंत पहिलं बेळकं आलं. बुवांनी कावड टेकवली.

“इथंच?” हिंदुराव म्हणाले. “अजून बारव दिसतेय की.”

“दिसू दे.”

दुसऱ्या बेळक्यालाही तेच. बुवांना धाप लागलेली नव्हती, घाम आलेला नव्हता. हिंदुराव येरझाऱ्या घालू लागले. मी परडीतला बेल उगाच निवडत बसलो.

“बुवा, मी कामधंदा सोडून आलोय.”

“माहीत हाय.”

“मला एक सांगा. दिवस कसा काढायचा ते सांगा. बरं होणं राहू दे. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंतचा एक दिवस कसा काढायचा, तेवढंच सांगा.”

मला वाटलं, आता तरी बुवा काही बोलतील. प्रश्न नीट होता. मीही कान टवकारले.

बुवांनी कावड परत खांद्यावर घेतली.

तिसऱ्या बेळक्याशी हिंदुरावांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली. आम्ही विचारलं नव्हतं. तो पट्टा एकट्याला नीट बांधता येत नाही, मागून कुणीतरी ओढून आवळावा लागतो. गेल्या महिन्यात एकदा दुकानात गिऱ्हाइकं असताना तो सैल झाला. सगुणाबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्या पटकन गल्ल्यामागं गेल्या आणि आवळायला लागल्या. गिऱ्हाइकांतलं कुणीतरी हसलं, किंवा हसल्यासारखं वाटलं.

“मी तिच्या हातावर मारलं,” हिंदुराव म्हणाले. “चारचौघांत. फटकन आवाज आला.”

त्यांनी बेळक्याला हात टेकला.

“काही बोलली नाही ती. रडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून पट्टा आणते, माझ्याजवळ खाली ठेवते आणि बाजूला उभी राहते. हात लावत नाही. माझी मला लाज वाटते, बुवा. पण ती अशी उभी राहिली की परत रागच येतो.”

“मग बांधतं कोण?”

“मीच. जमेल तसा.”

“आवळतो का?”

“नाही.”

“बरं,” बुवा म्हणाले आणि कावडीला हात घातला.

इथं हिंदुरावांचा तोल गेला. गेला तर गेला, माझाही गेला असता. माणसानं पोटातलं काढून समोर ठेवावं आणि समोरच्यानं बरं म्हणावं, ही काय तऱ्हा झाली? हिंदुराव पुढं झाले आणि त्यांनी बुवांच्या हातातून दांडा काढून घेतला.

“द्या इकडं. या चालीनं आपण तिन्हीसांजेला पोचू.”

मी मधे पडलो. म्हटलं, अहो, कंबर बघा तुमची, घागरी बघा. त्यांनी ऐकलं नाही. आज बरं आहे मला, म्हणाले. बुवा नुसते बाजूला झाले.

हिंदुराव चढले. खोटं कशाला सांगू, सुरेख चढले. पाठ ताठ, पाऊल मोजकं, घागरी जराही हिंदकळत नव्हत्या. पुढचं बेळकं आलं, ते त्यांनी सोडलं. त्याच्या पुढचंही सोडलं. एकदा मागं वळून त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हंडा उचलून दाखवणारा जुना दुकानदार मला दिसला. मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं आज अभिषेक वेळेवर होतोय.

बुवा मात्र मोकळ्या खांद्यानंही बेळक्याशी थांबले.

“आता कशाला?” मी म्हणालो. “आता कुठं कावड आहे?”

“सवय हाय.”

शेवटचं बेळकं देवळाच्या अगदी खाली आहे. हिंदुराव त्याच्या आधी दोन पायऱ्यांवर थांबले. आधी मला वाटलं दम खातायत. मग त्यांचा डावा पाय थरथरताना दिसला. ते कसेबसे त्या दोन पायऱ्या चढून बेळक्याला लागून उभे राहिले.

बेळकं त्यांच्या कानाशी होतं. दांडा खांद्यावरून वीतभर वर उचलायचा होता, एवढंच.

तो वीतभर उचलला जात नव्हता.

मी परडी टाकून धावलो. त्यांच्या चेहऱ्यावरून घाम गळत होता आणि ओठ पांढरे पडले होते. मी दांड्याला हात घालणार तोच ते ओरडले.

“हात लावू नका.”

मी थांबलो.

“मी ठेवतो.”

मी तसाच हात पुढं केलेला उभा राहिलो. त्यांनी परत जोर केला. दांडा बोटभर उठला आणि खांद्यावर पडला. त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो मला अजून आठवतो. मग गुडघे वाकले. मागची घागर दगडी पायरीवर आपटली, कलंडली आणि सगळं पाणी पायऱ्यांवरून खाली धावलं. पुढची उभी राहिली, पण तीही भुईला टेकली होती.

झालं. देवाचं पाणी गेलं. मला इतका संताप आला की मी पायरीवरच बसलो. हिंदुरावही बसले होते, एका कुशीवर, घागरीला धरून. नाव घातलेल्या जागीच घागरीला पोचा आला होता. ते रडत होते. आवाज न करता, रागानं रडत होते.

बुवा सावकाश वर आले. त्यांनी ओल्या पायऱ्यांकडे बघितलं, मग घागरीकडे.

“तुम्हाला दिसत होतं,” हिंदुराव म्हणाले. “मी बेळकी सोडत चाललोय हे दिसत होतं तुम्हाला. थांबवलं का नाही?”

“थांबला असतास?”

हिंदुरावांनी बाहीनं तोंड पुसलं.

“तुम्ही दमल्याशिवायच थांबत होता. मी बघत होतो. धापसुद्धा लागली नव्हती तुम्हाला.”

“दमल्यावर थांबू म्हटलं तर वर उचलायचं बळ कुठनं आणू?”

बुवा बेळक्याला धरून त्यांच्या शेजारी बसायला लागले. बसताना त्यांनी दात आवळले, उजवा पाय पुढं सरळ केला, मग एक हात भुईला लावून स्वतःला खाली सोडलं. हे मी रोज बघतो. हिंदुरावांनी पहिल्यांदा बघितलं.

“तुम्हालाही दुखतं?”

“लेका, मग मी प्रत्येक खांबाशी काय हौसेनं उभा ऱ्हातोय?”

“कधीपासून?”

“बसाप्पा यायच्या आधीपासनं. खुब्यात हाय. रात्री जास्त असतं.”

हिंदुराव बघतच राहिले. मग त्यांचा राग नव्यानं उसळला, आणि मी म्हणतो, का उसळू नये?

“म्हणजे तुमचंच बरं झालेलं नाही! आणि अख्खी पेठ मला सांगते, बुवांकडे जा, गुण येईल. मी काय समजून इथं येत होतो?”

“पेठेचं काय. पेठेनं तुला शनीसुद्धा सांगितला की.”

हिंदुरावांना हसू आलं आणि हसल्यामुळं कळ आली. त्यांनी डोळे मिटून घेतले. बुवा कळ उतरेपर्यंत थांबले. लवकर उतरली नाही ती.

मग बुवांनी पाय माझ्यापुढं केले.

“बसाप्पा, त्या घागरीत पाणी हाय नव्हं? देवाला चालत न्हाई, पायाला चालंल.”

बुवांना पायापर्यंत वाकता येत नाही. देवळात शिरण्याआधी पाय धुवावे लागतात आणि त्यांचे पाय मी धुतो. ऊन असो, थंडी असो, मी चिडलेला असो, हे चुकलेलं नाही. आजही उठलो, घागर कलती केली आणि धुतले. टाचेच्या भेगांत माती बसते ती अंगठ्यानं काढावी लागते. बुवांनी तोल सावरायला एक हात माझ्या डोक्यावर ठेवला होता.

हिंदुराव बघत होते.

“रोज?” त्यांनी मला विचारलं.

“रोज.”

“बुवा, तुम्हाला लाज नाही वाटत?”

“पयल्यांदा वाटली. हा पाय धुवाया वाकला तेव्हा मी ह्याच्या हाताला झटका दिला हुता.”

“झटका नव्हता तो,” मी म्हणालो. मला राहवलं नाही. “तांब्या फेकून मारला होता. भरलेला.”

मी कपाळावरची खूण दाखवली. हिंदुराव वाकून बघायला गेले, पण कंबरेनं वाकू दिलं नाही. म्हणून मीच डोकं जवळ नेलं.

“मग?” ते म्हणाले. “मग तुम्ही परत कसे आलात?”

“दुसऱ्या दिवशी आलो तो भांडायला,” मी म्हणालो. “तर हे पायरीवर बसलेले होते. पाय मळलेले, देवळात जाता येईना. मला बघून काही बोलले नाहीत. फक्त पाय पुढं केले.”

मला त्या दिवशी काय वाटलं होतं ते मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. राग होताच. पण ते पाय पुढं करताना या माणसाला कावडीपेक्षा जड काहीतरी उचलावं लागलं होतं, हे मला दिसलं होतं. आता ते हिंदुरावांना कुठं सांगत बसू?

बुवा लांब शिवाराकडे बघत होते.

तेवढ्यात खालून पावलं वाजली. सगुणाबाई येत होत्या. घागर आपटल्याचा आवाज बारवेपर्यंत गेला असणार. वर येऊ नको म्हणून सांगितलं होतं, तरी आल्या होत्या. पदर घामानं ओला झाला होता आणि हातात पट्टा होता. हिंदुरावांच्या खालच्याच पायरीवर येऊन त्या थबकल्या.

त्यांनी पाणी बघितलं, पोचा आलेली घागर बघितली, नवऱ्याचे डोळे बघितले.

हिंदुरावांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा परत दगडासारखा होत चालला होता, ते मला दिसत होतं, आणि मी मनात म्हणालो, आता नको रे बाबा, आता तरी नको.

सगुणाबाईंनी जरा वाट बघितली. मग रोजच्यासारखा पट्टा पायरीवर ठेवायला त्या वाकल्या.

“हिंदुराव,” बुवा म्हणाले, “बेळकं आलं.”